परतूरकर साहेबांची खासगी फेरी

मार्तंडराव परतूरकरांना त्यांच्या लेकीनं लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला जालना शहर भेट दिलं. म्हणजे खरेदीखत करून नव्हे. पुण्यात बसल्या बसल्या तिनं फोनवरून नाव नोंदवलं आणि आईबाबांसाठी जुन्या जालन्याची पायी फेरी ठरवून टाकली. गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, सोबत माहिती सांगायला एक गाइड, आणि फेरी खासगी, म्हणजे या दोघांशिवाय तिसरं कुणी नाही.

"कुठल्या गावाची म्हणालीस?" मार्तंडरावांनी फोनवर दुसऱ्यांदा विचारलं.

"जालन्याची, बाबा. तुम्ही तिथं राहता खरं, पण कधी पाहिलंय का नीट?"

हा प्रश्न ज्या माणसाला विचारला गेला त्यानं मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली होती. कुणाची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत किती बोटं शिरली आहे, कुणाचा जिना सरकारी गटारावर उतरला आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. नवी ओळख झाली की लोक आडनाव विचारतात, मार्तंडराव सिटी सर्व्हे नंबर विचारत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गल्लीतून जाताना त्यांची नजर माणसांच्या चेहऱ्यावर न जाता भिंतीच्या कोपऱ्यावर जायची. अशा माणसाला त्याचंच गाव दाखवायला बाहेरून कुणीतरी येणार होतं.

"मला गाव दाखवणार?" फोन ठेवल्यावर ते शरयूताईंना म्हणाले. "अगं, इंच न् इंच मोजलंय मी."

"मोजलंय तुम्ही," शरयूताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पाहिलं न्हाई."

शरयूताई मूळच्या परभणीच्या. चाळीस वर्षांत नवऱ्याबरोबर या गावातून रमतगमत चालल्याची एकही आठवण त्यांच्या गाठीला नव्हती. नवरा घराबाहेर पडायचा तो हातात टेप घेऊन, आणि त्याच्या मागे दोन शिपाई नि एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन शेजारी असायचे. त्यामुळे लेकीची भेट त्यांना मनापासून आवडली होती आणि ती नाकारायचा नवऱ्याला काही एक अधिकार नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दोन दिवसांनी त्यांच्या फोनवर फेरीतल्या ठिकाणांची यादी आली. सात ठिकाणं होती. मार्तंडरावांनी चष्मा लावून ती वाचली आणि पाचव्या ओळीवर थांबले. तिथं लिहिलं होतं, 'पाणवेस आणि पाणवेस गल्लीतील दगडी ओटे.'

इथं जरा थांबून सांगायला हवं. पाणवेस गल्लीत राधेश्यामचं दुकान होतं. बैलांचे कासरे, दावी, घुंगरमाळा, असलं सगळं. राधेश्याम मूळचा मंठ्याकडचा, पण पाचवीपासून मार्तंडरावांच्या बाकावर बसलेला. त्याच्या दुकानापुढं काळ्या दगडाचा रुंद ओटा होता, आणि कचेरी सुटली की मार्तंडराव घरी जायच्या आधी त्या ओट्यावर जाऊन बसत. वीसेक वर्षं हा नेम होता. मग गल्लीच्या रुंदीकरणाची योजना आली. सव्वीस ओटे रस्त्यात येत होते आणि त्यांच्यावर लाल रंगानं खुणा करायचं काम मार्तंडरावांकडं आलं. गावात कुजबुज होतीच, की परतूरकर आता दोस्ताला वाचवतो का बघू. मार्तंडरावांच्या कानावर ती गेली, आणि त्यांनी पहिली खूण राधेश्यामच्याच ओट्यावर केली. माप बिनचूक होतं, चार फूट दोन इंच. दुसऱ्या दिवशी यंत्र आलं, पहिल्या खुणेपासून कामाला लागलं आणि दुपारी जेवायला थांबलं. जेवणं होईस्तोवर वरून स्थगिती आली. ती आजतागायत उठलेली नाही. सव्वीसपैकी पंचवीस ओटे जागच्या जागी राहिले.

राधेश्याम भांडला नाही. तो बोलायचाच थांबला. त्याला आता बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढी वर्षं मार्तंडराव पाणवेस गल्ली टाळून, पलीकडच्या धान्यबाजाराला वळसा घालून मंडईत जात होते. भाजी आणायला इतका वेळ का लागतो हे शरयूताईंना माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही.

"ही पाचवी जागा गाळायला सांगू का लेकीला?" मार्तंडराव यादी खाली ठेवत म्हणाले. "सगळ्या गल्ल्या सारख्याच असतात."

"एकही जागा गाळायची न्हाई," शरयूताई म्हणाल्या. "लेकीनं दिलेलं आहे, पूर्ण घ्यायचं."

शेजारच्या काकासाहेबांना ही बातमी कळायला अर्धा दिवस पुरला. काकासाहेब एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशात डायरी असायची आणि तिच्यात ते जगातल्या तमाम घडामोडी वेळेसकट टिपून ठेवायचे. ते कुंपणापाशी आले आणि त्यांनी सल्ल्यांची मालिका सुरू केली. बूट नवे घालू नका, चावतात. आधार कार्ड जवळ ठेवा, गाइडचा काय भरवसा. ओव्याची पुडी ठेवा. पाणी घरूनच न्या.

"अन् ते खासगी म्हणजे काय असतंय, परतूरकर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"म्हणजे आम्ही दोघंच."

"जालन्यात?" काकासाहेब बराच वेळ हसले. "अहो, हितं माणूस दातदुखीला डॉक्टरकडं गेला तं बाहेर चार जण विचारत उभे राहतेत, कोणता दात म्हणून. त्यापेक्षा मी अन् मंडळी येतोच संग. ती गाइड दोघांला सांगणार, तेच चौघांनी ऐकलं तं तिचं काय झिजून राह्यलं?"

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, त्यातला हा प्रकार. पण नाही म्हणायची सोय नव्हती, कारण परतूरकरांच्या गॅसचा नंबर काकासाहेबांच्या फोनवर लागायचा.

गुरुवारी साडेपाचला कुंडलिकेच्या पुलाजवळ गंधाली भेटली. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, कमरेला छोटा स्पीकर, तोंडापाशी माइक, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात लांबवर उजेडाचा लाल ठिपका टाकणारं पेन. मार्तंडरावांनी तिची मुलाखतच घेतली.

"शिक्षण?"

"एम.ए. इतिहास, काका."

"गाव?"

"वडीगोद्री."

"म्हणजे जालन्याच्या बाहेरचीच," मार्तंडराव शरयूताईंकडं बघत म्हणाले. काकासाहेबांनी डायरीत लिहिलं, 'पाच बत्तीस, प्रस्थान, दोन मिनिटं उशीर.'

मुलगी सांगत मात्र छान होती. नदीच्या अलीकडं एक गाव आणि पलीकडं दुसरं कसं वाढलं, कापसाच्या गाड्या कुठून यायच्या, 'जालना सोन्याचा पाळणा' हे लोक का म्हणत असतील. शरयूताई आणि दैवशालाबाई, म्हणजे काकासाहेबांच्या मंडळी, हातात हात घालून ऐकत होत्या. अडचण एवढीच होती, की गंधालीच्या प्रत्येक वाक्याला मार्तंडराव शेपूट जोडत होते. ती म्हणाली, "ही भिंत फार उंच आहे," की हे म्हणत, "एकवीस फूट." ती म्हणाली, "हा हौद भला मोठा होता," की हे म्हणत, "नऊ बाय चौदा, पण उत्तरेची बाजू सरळ न्हाई." तिसऱ्या वेळी शरयूताईंनी त्यांचा सदरा मागून ओढला.

पण त्यांना खरा त्रास दुसराच होता. जालन्यात ओळखीचा माणूस रस्त्यावर दिसला की "कुठं चालले?" हे विचारलंच जातं, आणि मार्तंडरावांना जुन्या गावात ओळखत नाही असा माणूस विरळा. पहिल्याच चौकात पानवाल्यानं विचारलं. आता काय सांगणार? मला माझं गाव दाखवायला ही पोरगी आली आहे, म्हणून? चौतीस वर्षांची अब्रू होती. मार्तंडराव घसा खाकरून म्हणाले, "जरा काम होतं. बघून राह्यलो."

पुढच्या वळणावर शिंप्यानं विचारलं. त्यालाही तेच सांगितलं. मग कपबशीवाल्याला, मग सायकलवाल्याला. एकदा मारलेली थाप पुन्हा मारायला सोपी जाते. मात्र त्यांच्या पाठीमागं पानवाला शिंप्याकडं नि शिंपी कपबशीवाल्याकडं काय बोलत होता ते त्यांना ऐकू येत नव्हतं. मोजणीवाले परतूरकर साहेब परत आले आहेत, सोबत फाइलवाली बाई आहे, एक जण डायरीत टिपून घेतोय, आणि साहेब म्हणतात काम आहे. चौथ्या ठिकाणापर्यंत खासगी फेरीच्या मागं अकरा माणसं जमली होती. ती दहा पावलं मागं राहून चालत होती आणि बोलत नव्हती. मार्तंडरावांना वाटलं, गंधालीचं बोलणं ऐकायला जमली असतील. त्यांना जरा बरंही वाटलं.

पाचवं ठिकाण जवळ आलं तसे ते लंगडायला लागले.

"गुडघा धरला गं," ते म्हणाले. "आपण इथूनच रिक्षा करू."

"कोणता?"

"डावा."

"सकाळी उजवा होता," शरयूताई म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

पाणवेशीवर पुंजाराम नावाचा पहारेकरी होता. वेशीवरच्या सज्जात जायचं तर त्याच्याकडून कुलूप उघडून घ्यावं लागे. गंधालीनं परवानगीचा अर्ज पुढं केला. पुंजारामनं तो उन्हाकडं धरून वाचला.

"दोन माणसं लिहिलेत. हितं तं चौदा-पंधरा दिसतेत."

"बाकीचे आमचे न्हाईत," गंधाली म्हणाली.

"अन् अर्जावर तारीख हाय, पण ही बारीक सही कोणाची? नाव न्हाई खाली. दुसरी प्रत कुठं हाय?"

'दुसरी प्रत कुठं आहे' हे वाक्य मार्तंडरावांनी आयुष्यात काही हजार लोकांना ऐकवलं असेल, पण ते ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ होती. ऐकताना ते इतकं वाईट लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी मुकाट्यानं अर्जाची दुसरी प्रत स्वतःच्या हातानं लिहून काढली, वळणदार, समास सोडून. ते अक्षर बघितल्यावर पुंजारामचा सूर बदलला.

"साहेब, तुम्ही खात्यातले का? मंग बोलायचं न्हाई का आधी? पण नियमात लिहिलंय, कर्मचाऱ्यानं संग फिरावं. मी येतो. गल्ली संपेस्तोवर येतो." खाकी सदऱ्याची बटणं लावून, रजिस्टर काखेत मारून तो पुढं झाला. सज्जा मात्र कुणी बघितलाच नाही, कारण किल्ली गंजली होती आणि कुलूप उघडेना.

अशा थाटात मंडळी पाणवेस गल्लीत शिरली. पुढं खाकी कपड्यातला पुंजाराम "बाजूला व्हा, सरकारी काम हाय" म्हणत चाललेला. त्याच्या मागं फाइलवाली गंधाली, मग मार्तंडराव, मग डायरीवाले काकासाहेब, मग दोन्ही बायका, आणि त्यांच्या मागं मुक्यानं चालणारं निम्मं जुनं जालना. गल्लीत दोन्ही अंगाला ओटे होते. कुणावर वाणसामान मांडलेलं, कुणावर म्हातारी माणसं टेकलेली. मार्तंडरावांनी मान खाली घातली होती. गल्लीच्या मध्यावर, डाव्या हाताला जिथं ओटा नाही तिथं बघायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

गंधालीनं पहिल्या ओट्यावर लाल ठिपका टाकला. स्पीकरमधून तिचा आवाज गल्लीभर गेला.

"इथं बघा. ही ओट्याची मूळ रेषा. तिच्यापुढचा एवढा भाग नंतर वाढवलेला आहे. पुढच्या घराचंही तसंच आहे. त्याच्या पुढच्याचंही."

लाल ठिपका एका ओट्यावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. या गल्लीनं लाल खूण आधी एकदा पाहिली होती. एकच गलका झाला. भांडीवाल्या रामरावांनी ओट्यावरच्या बादल्या धडाधड आत फेकायला सुरुवात केली. बांगड्यांच्या दुकानावरचा पत्रा दोघांनी मिळून उतरवला. एका घरातून स्थगितीच्या आदेशाची झेरॉक्स बाहेर आली. ती चौकटीत घालून देवघरात ठेवलेली होती आणि तिच्या काचेवर हळदकुंकू होतं. कुणी मालमत्ता पत्रक दाखवत होतं, कुणी नुसतेच हात जोडत होतं. रामरावांनी बादल्या संपल्यावर पहार उचलली आणि आपल्याच पायरीवर घातली.

"अहो, काय करून राह्यले?" मार्तंडराव ओरडले.

"मीच तोडतो, साहेब. तुमची मशीन नका आणू. ती एका पायरीला येती अन् अर्धं घर घेऊन जाती."

समोरच्या ओट्यावर साळूबाई होत्या. वय ऐंशीच्या पुढं. त्या ओट्याच्या मधोमध पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "आधी मला मोज, बाबा. लांबी रुंदी लिहून घे. मंग ओटा मोज."

काकासाहेब घाबरून डायरी वाचायला लागले, "सहा चोवीस, पाणवेस गल्ली, आगमन," आणि त्यानं तर लोकांची खात्रीच पटली. पुंजाराम रजिस्टर उघडून नावं विचारत सुटला. गंधालीच्या डोळ्यात पाणी आलं होतं. तिनं कमरेचा स्पीकर नि माइक काढून मार्तंडरावांच्या हातात दिला.

"काका, तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकणार न्हाईत."

मार्तंडरावांनी माइक तोंडापाशी धरला. "हे बघा, मी रिटायर झालेलो आहे. कसलीही मोजणी न्हाई. मी फक्त गाव बघायला आलो आहे."

गल्ली हसली. ते हसणं बरं नव्हतं.

"तुम्ही? गाव बघायला?" रामराव पहार टेकवून म्हणाले. "साहेब, माझ्या आज्याच्या घराची लांबी तुम्हाला पाठ हाय. खोटं बोलायचं तं बराबर बोला. अन् गाव बघायला आल्ते, तं पानवाल्याला काम हाय म्हणून काहून सांगितलं?"

याचं उत्तर चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मार्तंडरावांनी शरयूताईंकडं पाहिलं. त्यांनी मदत केली नाही.

"लाज वाटली म्हणून," ते शेवटी म्हणाले.

लोकांना हे काही समजलं नाही. रामरावांनी पहार पुन्हा उचलली. तेवढ्यात डाव्या हाताकडून आवाज आला, फार मोठा नाही.

"ठेव ती खाली, रामराव."

राधेश्याम दुकानाच्या उंबऱ्यात उभा होता. केस सगळे पांढरे झाले होते. मागं खुंटीवर कासरे टांगलेले होते, आणि पुढं ओट्याऐवजी लोखंडी फळ्यांची एक उभी शिडी, कारण उंबऱ्यापासून रस्ता चांगला कंबरभर खाली होता. मार्तंडरावांनी बावीस वर्षांत ती शिडी पाहिली नव्हती. या वयात हा माणूस रोज तिच्यावरून चढउतार करत असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"राधेश्यामशेठ, तुम्हीच सांगा," बांगडीवाला म्हणाला. "तुमचाच गेल्ता तेव्हा. साहेब खरं बोलून राह्यले का?"

राधेश्यामनं मार्तंडरावांकडं बघितलं नाही. तो गल्लीला उद्देशून बोलला.

"बिलकुल खरं बोलून राह्यला. तो मोजायला आला असता, तं वेशीकडून नसता आला. पहिले माझ्याकडं आला असता."

अख्खी गल्ली हसली. या वेळचं हसणं निराळं होतं. रामरावांनी पहार खाली ठेवली, चौकट देवघरात परत गेली, बादल्या पुन्हा ओट्यावर यायला लागल्या. काकासाहेबही हसले. हसले नाहीत ते फक्त मार्तंडराव. त्यांना ते वाक्य जिथं लागायचं तिथं लागलं होतं. माणसाची इतक्या वर्षांची कमाई एवढीच, की त्याच्या दोस्तानं त्याला असं ओळखावं.

ते शिडीपाशी गेले. हातात माइक आहे हे ते विसरले होते, त्यामुळं पुढचं सगळं गल्लीनं स्पीकरवर ऐकलं.

"राधेश्याम, माप बरोबर होतं."

"माहीत हाय."

"माप बरोबर होतं म्हणून मी बावीस वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तुझ्यापासून सुरुवात करा असं मला कुणी लिहून दिलं नव्हतं. नियमानं वेशीपासून करायची असते. मी तुझ्यापासून केली, लोकांनी म्हणावं म्हणून, की परतूरकर दोस्तालाही सोडत न्हाई. माझ्या नावासाठी केली. तुझा ओटा माझ्या नावासाठी गेला." त्यांनी शिडीचा कठडा धरला. "चुकलो मी. मला त्याच दिवशी कळलं होतं. सांगायला यायची हिंमत झाली न्हाई."

कुणीतरी पुंजारामला रजिस्टर मिटायला सांगितलं.

राधेश्याम शिडीवरून खाली उतरला. उतरायला त्याला वेळ लागला आणि कठड्याला धरावं लागलं. खाली आल्यावर तो मार्तंडरावांसमोर उभा राहिला.

"मला दगडाचं दुःख न्हाई, मार्तंड. बाकीच्यांचे राहिले, चांगलं झालं. ही साळूमावशी कुठं बसली असती? पण आदल्या संध्याकाळी तू हितंच बसून चहा पिला होता. तेव्हा म्हणला असता, राध्या, उद्या तुझ्यापासून सुरू करतो, लोकं बोलून राह्यले. मी म्हणलो असतो, कर. तुझ्या नोकरीवर बट्टा नको, कर. मी स्वतः रंगाचा डबा धरला असता. तू विचारलं न्हाई."

शरयूताई पुढं आल्या, त्यांनी मार्तंडरावांच्या हातातला स्पीकर नि माइक अलगद काढून घेतला आणि बटण बंद करून गंधालीला दिला.

"दोन ठिकाणं राहिली न्हाई का, गं?"

"हो काकू. पण काका..."

"काकांना राहू दे. उरलेलं मी बघते. चला दैवशालाबाई."

काकासाहेबांना तिथंच थांबायचं होतं, पण त्यांच्या मंडळींनी त्यांना डायरीसकट ओढून नेलं. त्यांच्या पाठोपाठ गल्लीतली बरीच माणसंही निघाली. आपल्या ओट्याची मूळ रेषा कोणती, वाढवलेला भाग किती जुना, हे आता ज्याला त्याला गंधालीकडून ऐकून घ्यायचं होतं. रामराव तर तिला अडवून विचारत होते की पहारीनं उडालेल्या टवक्याचं काही करता येईल का.

साळूबाईंनी पसरलेले पाय जवळ घेतले आणि ओट्यावरची जागा पदरानं झटकली.

"या बाबांनो, हितं या," त्या म्हणाल्या. "रस्त्यात कशाला उभं राह्यचं म्हातारपणी."

राधेश्याम जाऊन ओट्याच्या एका टोकाला बसला. मार्तंडराव उभेच होते. आपण बसावं की नाही, आणि बसायचं तर किती अंतरावर, हे चौतीस वर्षं अंतरं मोजलेल्या माणसाला काही केल्या ठरवता येईना. संध्याकाळ उतरत चालली होती. दुकानांतले दिवे लागायला लागले होते. लांबून गंधालीचा स्पीकर ऐकू येत होता आणि मधूनच शरयूताईंचं हसणं.

"बस," राधेश्याम समोर बघत म्हणाला.

मार्तंडराव बसले. डावा गुडघा आता खरंच दुखायला लागला होता. त्यांनी धीर करून विचारलं, "म्हणजे तू मला माफ केलंस?"

"माफ केलं असं कुठं म्हणलो?" राधेश्याम म्हणाला. "बस म्हणलो."